आवरलेला काठ

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता थोरलीने एकतिसाव्या गोणीचं तोंड बांधलं, कंबरेवर हात ठेवून नदीकडे पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. या घरात आल्याला तिला सव्वीस वर्षं झाली होती, पण घरामागचा नदीकाठ इतका टापटीप तिने एकदाही पाहिला नव्हता.

तशी टापटीप हा तिचा पेशाच. शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती सफाई विभागाची प्रमुख होती. चाळीस माणसं तिच्या हाताखाली, आणि तिने पुसून घेतलेल्या ओल्या फरशीवर पाय टाकायची मोठमोठ्या डॉक्टरांची छाती होत नसे. त्या चाळिसांपैकी आठ जणांना तिने जेवणाचं आमिष दाखवून, खराटे आणि घमेल्यांसकट घरी आणलं होतं.

कारणही तसंच होतं. रविवारी अकरा वाजता नदीखात्याच्या बाई काठ बघायला येणार होत्या. त्यांनी 'होय' म्हटलं, तर पुलापासून जुन्या छापखान्यापर्यंतचा काठ कायमचा राखीव होणार होता. 'नाही' म्हटलं, तर बांधकाम खातं तिथे काँक्रीटची पायवाट करणार होतं. थोरलीची धाकटी जाऊ तीन वर्षं या एका भेटीसाठी झिजली होती. आठवडाभर चष्म्यांचं दुकान आणि रविवारी गल्लीतली वीसेक माणसं घेऊन नदीत, असा तिचा क्रम होता. आता नेमकी शनिवारी ती नव्या फ्रेमा आणायला दुसऱ्या गावी गेली होती, ती रविवारी सकाळच्या गाडीने येणार होती.

या तीन वर्षांत थोरलीने काठाला पाय लावला नव्हता. चिखलात खेळायचं आपलं वय गेलं, असं ती चारचौघांत म्हणायची. पण गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडून पाय मोडून घेऊन बसली, तेव्हा याच धाकटीने दीड महिना रोज सकाळी तिची वेणी घातली होती. ते थोरलीच्या मनात घर करून राहिलं होतं. आभार मानणं तिला कधीच जमलं नाही. साफसफाई जमायची.

तेव्हा काठावरची सगळी पानं गोण्यांत गेली. पाण्यात अर्धवट बुडालेले तीन ओंडके कोणा शहाण्याने खुंट्या ठोकून दोरखंडाने बांधून ठेवले होते, ते दोर कापून वर काढले. लव्हाळं एका उंचीत कापलं, कडेचा एक झुबका तेवढा वेळेअभावी राहिला. दगडांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासलं आणि दगड मोठ्याकडून लहानाकडे असे रांगेत बसवले. पाण्यावर एक वाळकी फांदी वाकली होती, तीही तोडली. मातीच्या उभ्या दरडीत आठ भोकं होती. उंदरांची असणार, म्हणून तिने त्यांतली सात चिखलाने लिंपून टाकली. आठव्यातून इतकी दुर्गंधी येत होती, की तिचा सगळ्यांत धीट माणूसही मागे सरला.

"बाई, आत काहीतरी चिरचिरतंय," तो म्हणाला.

"सोमवारी औषध आणते," थोरली म्हणाली. भोकाखाली ओघळलेले पांढरे डाग मात्र तिने स्वतः उभं राहून पुसून घेतले.

रविवारी सकाळी साडेसातला आबा गॅलरीतून ओरडले, "खंड्या बसत नाहीये!"

आबा म्हणजे सासरे. त्यांच्या छापखान्याची शाई तीस वर्षं याच नदीत गेली होती. निवडणुकीच्या दिवसांत कोणाची पत्रकं छापून झाली, हे पुलावरच्या माणसाला पाण्याच्या रंगावरून कळायचं. छापखाना बंद झाला आणि आबांना उपरती झाली. तेव्हापासून ते दुर्बीण आणि वही घेऊन गॅलरीत बसत आणि खंड्याची नोंद ठेवत. निळ्या पंखांचा तो मासेखाऊ पक्षी किती वाजता आला, काय धरलं, कुठे गेला, सगळं वहीत असे. घरातलं कोण किती वाजता आलं हे मात्र त्यांना कधी माहीत नसे.

"त्याची फांदी कुठे गेली?" आबांनी विचारलं.

"कुठली फांदी?" थोरली चहा गाळता गाळता म्हणाली.

"पाण्यावरची, वाळकी. मासा धरला की आधी तो तिथे बसतो, मासा दोनदा आपटतो, मग घरट्यात नेतो. आज नुसत्या चकरा मारतोय बिचारा."

थोरलीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. फांद्यांना मालक असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सव्वाआठला धाकटी आली, ती खांद्यावरच्या पिशवीसकट थेट मागच्या दाराला गेली. तिच्यामागे तिचा नवरा. त्याला सगळं घर होयबा म्हणायचं, कारण तो समोर बोलत असेल त्याच्याशी सहमत असायचा. त्याच्यामागे थोरलीचा नवरा चहाचा कप घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी वन्सं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या या नणंदबाईंना घरात काय घडणार हे घरच्यांच्या आधी कळायचं.

धाकटीने काठावर उभं राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"ओंडके?" शेवटी तिने विचारलं.

"वर काढले. सडत होते अगं."

"सडायलाच ठेवले होते, ताई. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं राहतात. पानं?"

"गोण्यांत. एकतीस गोण्या." आवाजातला अभिमान थोरलीला अजूनही लपवता आला नाही.

"आणि दगडांवरचं शेवाळ?"

"घासलं."

"घासलं," धाकटी म्हणाली. "शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर खंड्या. आणि खंड्याचं घरटं आहे, म्हणूनच तर त्या बाई येताहेत. तीन वर्षं लागली ताई, हा काठ इतका घाण करायला!"

एवढ्यात तिची नजर लिंपलेल्या दरडीकडे गेली. पिशवी तिथेच टाकून ती धावली, एकेका भोकाला हात लावत आठव्यापाशी थांबली आणि कान लावून ऐकत राहिली. मग ती तिथेच चिखलात बसली आणि रडायला लागली.

"आहेत," ती म्हणाली. "पिल्लं जिवंत आहेत."

सोमवारी औषध आणते, हे आपलेच शब्द थोरलीला ऐकू आले. आयुष्यात तिने चुका केल्या होत्या, पण अशी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"मला एक सांगा थोरल्या वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तीन वर्षं ढुंकून पाहिलं नाहीत, आणि हे नेमकं आदल्या दिवशी कसं सुचलं तुम्हाला? दादाचा कठडा आता छान बसेल हो इथे."

थोरलीच्या नवऱ्याचा लोखंडी कामाचा कारखाना होता. पायवाट झाली तर तिला कठडा लागणार, आणि त्याचं चित्र त्याने केव्हाच काढून ठेवलं होतं. दर तीन फुटांवर एक लोखंडी खंड्या.

"वन्सं, तोंड सांभाळून बोला."

"मी कुठे म्हणते? लोक म्हणतील."

"लोक म्हणजे तुम्हीच. दुसरं कोणी उठलेलंसुद्धा नाही अजून."

"तिचंही बरोबर आहे," होयबा म्हणाला, "आणि वहिनींचंही."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. ताई असं करणार नाहीत, एवढं एक वाक्य तिने बोलावं. वन्सं काय वाटेल ते बोलोत, सव्वीस वर्षं बोलतच आल्या होत्या. पण धाकटीने डोळे पुसले, गुडघ्यांवरचा चिखल झटकला आणि ती पाण्याकडे पाहत राहिली. ते थोरलीला फार लागलं.

"भांडणं अकरानंतर!" आबा वरून ओरडले. "आधी गोण्या सोडा!"

रविवारी कचऱ्याची गाडी येत नाही, हे नशीब. एकतीस गोण्या मागच्या दाराशी रांगेत उभ्या होत्या. घर कामाला लागलं. सात भोकं मोकळी झाली. थोरलीचा नवरा पँट दुमडून पाण्यात उतरला, मग दुमडलेली पँटही भिजली, मग तो छातीपर्यंत आत जाऊन कारखान्यातल्या सळ्या ठोकून ओंडके बांधू लागला.

"अहो, आणि तुमचा कठडा?" थोरलीने काठावरून हळूच विचारलं.

"खड्ड्यात गेला कठडा. माझ्या बायकोने मुद्दाम केलं म्हणते माझी बहीण. दोर दे इकडे."

थोरलीने दोर दिला. डोळे भरून आले होते, पण रडायला वेळ नव्हता, पानं पसरायची होती. ती गोणीतून पानं काढून काठावर टाकू लागली. थोड्या वेळाने वन्सं येऊन तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, पानं टाकताय की पंगत मांडताय?"

थोरलीने मागे वळून पाहिलं. हातभर अंतरावर एकेक ढीग, सगळे सारखे, सरळ रेषेत.

"मी विस्कटतेच आहे," ती कळवळून म्हणाली.

"याला विस्कटणं म्हणतात? सरा तिकडे."

वन्संनी एक गोणी उलटी केली आणि पानं लाथाडली. त्यांच्या स्वयंपाकघराला थोरली लग्नापासून नावं ठेवत आली होती, पण आज तिला कबूल करावंच लागलं, पसारा घालणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती या बाईंच्या अंगात आहे. "मनगट सैल सोडा," वन्सं म्हणाल्या. "कुठे पडतंय ते बघायचंच नाही." थोरलीने डोळे मिटून मनगट सैल सोडलं. पानं तरीही एका रेषेतच पडली. वन्सं हसल्या, मग थोरलीही हसली, आणि दोघींनी मिळून तेवीस गोण्या लाथाडल्या. उरलेल्या आठ वन्संनी एकटीने केल्या, कारण थोरली मागून येऊन कडा नीट करत होती.

रांगेतले दगड हलवून झाले, पण घासलेलं शेवाळ काही परत येईना. आणि फांदी उभी राहीना. तळाशी नुसते दगड होते, कुठेही रोवली तरी ती आडवी व्हायची. अकराला दहा मिनिटं होती.

"तू जरा धर," वन्सं होयबाला म्हणाल्या.

"होय," तो म्हणाला आणि लव्हाळ्याच्या उरलेल्या झुबक्याआड गुडघाभर पाण्यात बसला. "किती वेळ?"

"बाई जाईपर्यंत."

"होय."

"आणि बाईंना कोणी एक शब्द सांगायचा नाही," वन्सं सगळ्यांना म्हणाल्या. धाकटीने त्याला होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दरडीपाशी रडल्यापासून ती थोरलीशी एक अक्षर बोलली नव्हती.

नदीखात्याच्या बाई बरोबर अकराला आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कागद अडकवलेली पाटी, आणि बोलणं अगदी बेताचं. त्यांनी ओंडके पाहिले आणि लिहिलं. पानं पाहिली आणि लिहिलं. दगडांपाशी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या, बोट फिरवून पाहिलं. मग वरून निळी रेघ ओढल्यासारखा खंड्या आला. चोचीत मासा. एक चक्कर, दुसरी चक्कर, आणि तो फांदीवर बसला.

खंड्याने मासा दोनदा आपटला आणि भोकात शिरला. बाहेर येऊन पुन्हा फांदीवर बसला. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"फांदी थरथरतेय," त्या म्हणाल्या.

"वारा आहे," वन्सं म्हणाल्या.

"वारा अजिबात नाहीये."

आणि मग फांदी शिंकली.

खंड्या भुर्रकन उडाला. बाई चार ढांगांत झुबक्यापाशी गेल्या आणि त्यांनी लव्हाळं बाजूला केलं. होयबा थंडीने निळा पडला होता, पण फांदी त्याने सोडली नव्हती.

"तुम्ही फांदी धरून बसलाय?"

"होय."

"त्या पक्ष्याने बसावं म्हणून?"

"होय."

"कोणी सांगितलं?"

या प्रश्नाला नुसतं होय म्हणून भागण्यासारखं नव्हतं. होयबा केविलवाणा होऊन बायकोकडे पाहू लागला.

बाईंनी आता काठाकडे नव्याने पाहिलं. ओंडक्यांचे कोरे दोर, गोणीच्या आकारात पडलेली पानं, लखलखणारे दगड. त्या धाकटीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज थंड झाला.

"तुमच्या अहवालावर विश्वास ठेवून मी इथवर आले. तीन वर्षांच्या नोंदी पाठवल्यात तुम्ही. त्याही अशाच मांडलेल्या होत्या का?"

ताईंनी केलं, हे दोन शब्द बोलली असती तरी ती सुटली असती. थोरली त्याच दोन शब्दांची वाट पाहत होती.

"जबाबदारी माझी आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीला गप्प राहणं अशक्य झालं. आपण बोललो तर काठ हातचा जाणार, आणि वन्सं आयुष्यभर म्हणणार, बघा, शेवटी कठड्याची सोय केलीच. म्हणू देत. पण हिच्या तीन वर्षांना कोणी खोटं म्हणायचं नाही.

"बाई, हे मी केलं," ती पुढे येऊन म्हणाली. "काल दुपारी. हिला काही माहीत नव्हतं, ही गावाला होती."

आणि इस्पितळात मोठ्या डॉक्टरांपुढे द्यायची तसा तिने क्रमाने अहवाल दिला. ओंडके तीन, गोण्या एकतीस, भोकं सात, दगड एकशे बारा.

"एकशे बारा दगड तुम्ही तारेच्या ब्रशने घासलेत?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही बाजूंनी."

बाई ओल्या दगडावर मटकन बसल्या. "पण का?"

"पाहुणे येणार होते म्हणून," थोरली म्हणाली. "माझा पाय मोडला होता तेव्हा हिने दीड महिना माझी वेणी घातली. मला आभार मानता येत नाहीत हो. मला झाडता येतं."

वन्संनी नाक शिंकरलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. बाई उठल्या. त्या आठव्या भोकापाशी गेल्या, कान लावला, मग नाक जवळ नेलं.

"वास जबरदस्त आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरटं उत्तम चाललंय. खाली पांढरे डागही असायला हवे होते."

"होते," थोरली म्हणाली. "पुसले."

"समजलं."

आबा वही पोटाशी धरून जिना उतरून आले होते. बाईंनी अर्धा तास उभ्या उभ्या ती चाळली. तीन वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. घरातल्या एका लग्नाच्या दिवशीही आबांनी 'मासे चार' एवढंच लिहिलं होतं. ते लग्न वन्संच्या मुलीचं, हे पाहून वन्सं आबांकडे बघतच राहिल्या.

"आज मी होय लिहू शकत नाही," वही मिटून बाई म्हणाल्या. "नाही पण लिहिणार नाही. वर्षभर या काठाला कोणाचा हात लागता कामा नये, मग मी पुन्हा येईन. तोवर पायवाट थांबेल. पण त्यासाठी मला एका माणसाचं नाव हवं. एखादा ओंडका हलला, तरी मी त्याच माणसाला विचारणार."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. दुसरं कोण असणार?

"ताईंचं लिहा," धाकटी म्हणाली.

"कोणाचं?" वन्संचा आवाज चिरकला.

"ताईंचं. या काठाला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणापासून धोकाच नाही."

आधी बाई हसल्या, मग होयबा, आणि मग थोरलीचा नवरा इतका हसला की पुन्हा पाण्यात बसला. थोरली हसली नाही. ती धाकटीजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला वाटलं का गं, की मी कठड्यासाठी केलं?"

"पाच मिनिटं वाटलं," धाकटी म्हणाली. "मग मी गोण्या सोडल्या. सगळ्यांना एकसारखी गाठ होती, टोकं कातरून सारखी केलेली. कठड्यासाठी कोणी एवढं करत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"रागावले होते, ताई. अजूनही आहे."

"ते बरोबर आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. थोरलीने कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"प्लास्टिक उचललं तर चालेल?"

"ते उचला," बाई म्हणाल्या, आणि थोरलीला जरा हायसं वाटलं. ती सहीला वाकली आणि पुन्हा थांबली.

"झाडावरून पान पडलं तर?" तिने धाकटीला विचारलं.

"राहू द्यायचं."

"दगडावर पडलं तर?"

"तरीही."

"आणि दोन पडली, एक सरळ आणि दुसरं तिरकं..."

"ताई."

"बरं," थोरली म्हणाली आणि तिने सही केली. मग तिने धाकटीचा चिखलाने माखलेला हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.